स्टिअरिंगवरचं एक बोट

नॉर्बी या छोट्या अमेरिकन गावात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, असा रिवाज आहे. हात नव्हे, बोट. मनगट जागचं हलत नाही, बाकीची बोटं स्टिअरिंग सोडत नाहीत, तर्जनी तेवढी वर होते आणि खाली येते. समोरचा ओळखीचा असो नसो, ट्रॅक्टरवर असो की शवगाडीत, बोट उचललं जातं. न उचलणारा माणूस एकतर मिनियापोलिस शहरातला असतो, नाहीतर त्याच्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. व्हर्लिन ट्वेटचं बोट या कामात इतकं सरावलेलं होतं की एकदा निर्मनुष्य रस्त्यावर त्याने टपालाच्या पेटीलाही ते दाखवलं. बायको शेजारी बसलेली होती, त्यामुळे ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

ती बायको म्हणजे आर्लिस, आणि ही हकिकत तिची आहे.

आर्लिसने अर्धं आयुष्य शाळेची बस चालवली. पुढे गुडघ्याने दगा दिला. क्लच सुटला, पण शाळा काही सुटेना. मुख्याध्यापिकेने बोलावून विचारलं, की वसंतात लहान मुलांना रस्त्यावर चालायला आणि सायकल चालवायला शिकवाल का? आर्लिस हसली. "चालायला? अगं, ती शाळेत चालतच येतात की!" पण पहिल्या दिवशी व्यायामशाळेच्या फरशीवर चिकटपट्टीचे रस्ते आखले, पुठ्ठ्याची खोकी कमरेला बांधलेली चौथीची मुलं गाड्या म्हणून सोडली, आणि दुसरीच्या मुलांना सांगितलं, की करा बघू रस्ता पार. पहिल्याच कोपऱ्यावर अख्खा वर्ग मेला. एक मुलगा तर तीनदा मेला, कारण त्याला मजा वाटली. तेव्हा आर्लिसच्या ध्यानात आलं की चालता येणं वेगळं आणि रस्त्यावर चालता येणं वेगळं.

मग तिने कंबर कसली. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट मावेल इतकाच सैल. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, पुन्हा डावीकडे बघ. गाडीमागून एकदम बाहेर पडायचं नाही, चेंडू गेला तर गेला, चेंडू दुकानात मिळतो. हे सगळं कुठल्याही गावात शिकवतात. पण नॉर्बीसाठी तिने स्वतःचं एक वाक्य रचलं होतं. इथले गाडीवाले सभ्य. रस्त्याच्या कडेला पोर दिसलं की थांबणार, हात करणार, 'जा बाळा' म्हणणार. म्हणून तिचा नियम असा, की गाडीवाल्याने आपल्याला पाहिलंय याची खात्री झाल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, आणि ती खात्री म्हणजे त्याचा हात. दरवर्षी मुलं हे वाक्य बेंबीच्या देठापासून ओरडत:

"हात नाही, तर पाय नाही!"

या वाक्याचा तिला मोठा अभिमान होता. इतकी वर्षं ते चाललं आणि कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. यंदा मे महिन्यात, हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून टाकलेली वाळू अजून रस्त्याच्या कडेला पडलेली असताना, पोस्टाच्या कोपऱ्यावर दुसरीतली आरासेली कान्तू एका पिकअपखाली येता येता वाचली. मनगट मोडलं, गुडघे सोलले. पिकअप व्हर्लिन ट्वेटची होती.

व्हर्लिन त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर ओव्हनमधून काढलेलं मांस-बटाट्याचं हॉटडिश निवत होतं. त्याने काटा हातात घेतला, ठेवला, परत घेतला. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हे. धान्याच्या कोठारावर नोकरी करताना तो दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलत असे आणि निवृत्तीनंतर त्यातही काटकसर आली होती.

"पोरगी माझ्याकडे बघत होती," तो म्हणाला. "बघत होती म्हणून मी बोट उचललं."

"आणि?"

"आणि ती आली की समोर! आर्लिस, माझ्याकडे बघता बघता आली. धावत नाही, पळत नाही. चालत. जसं काही मीच तिला बोलावलंय."

"तू गाडी थांबवली होतीस?"

"थांबवतोय कशाला? मी नुसतं हॅलो केलं. हॅलो करायला कुणी गाडी थांबवतं का?"

आर्लिसच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. कारण त्याच सकाळी तिने त्या पोरीला, आपल्या तोंडाने, सगळ्या वर्गासमोर शिकवलं होतं. हात नाही, तर पाय नाही. पोरीने उभं राहून वाट पाहिली होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गाडीवाल्याने पाहिलं, हात केला. मग पाय. धड्यात कुठेच चूक नव्हती. पोरीची नाही, आणि व्हर्लिनचीही म्हणावी तर नाही, त्याने जन्मभर केलं तेच केलं. गावात तर कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. आर्लिसला मात्र राहून राहून वाटत होतं की कुणीतरी दाखवायला हवं होतं, म्हणजे निदान ते कुठल्या दिशेला जातं हे कळलं असतं. बोट नवऱ्याचं आणि वाक्य आपलं. दोघांच्या मध्ये एक सात वर्षांची पोरगी.

"हॅलोचं बोट आणि 'जा'चं बोट यात फरक असतो," व्हर्लिन म्हणाला.

"काय फरक असतो?"

त्याने टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून बोट उचलून दाखवलं. मग पुन्हा उचललं. मग आपल्याच बोटाकडे बघत राहिला.

"असतो," तो म्हणाला. "नक्की असतो."

आरासेलीचे आईवडील टेक्सासहून बीटाच्या साखर कारखान्यात कामाला आलेले. वडील कारखान्यात, आई नेरेइदा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. आर्लिस लिंबाच्या वड्या करून त्यांच्याकडे गेली. नेरेइदाने दार उघडलं, वड्या घेतल्या, बसा म्हणाली, आणि आर्लिसने पाठ करून आणलेली माफी सुरू करायच्या आतच कॉफी पुढे ठेवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली होती.

"हात बरा होईल म्हणाले डॉक्टर," नेरेइदा म्हणाली. "पण बाई, ही रस्त्यावर पाय ठेवत नाही हो. फुटपाथच्या कडेला जाते आणि तिथेच खांबासारखी उभी राहते. शाळा तीन गल्ल्यांवर. मी रोज गाडीने सोडते नि आणते. कामावर उशीर होतो. तिथली वरची बाई एकदा समजून घेईल, दोनदा घेईल. नोकरी गेली तर आम्हाला इथून जावं लागेल."

आरासेली सोफ्याच्या टोकाला बसली होती. जांभळं प्लास्टर, त्यावर कुणीतरी काढलेलं कुत्रं. तिने आर्लिसकडे बघून सरळ विचारलं, "त्यांनी हात केला होता ना, बाई?"

"केला होता गं."

"मग?"

बसमध्ये मागच्या बाकावर मारामारी चालू असताना बर्फाच्या वादळातून गाडी काढलेली ही बाई. पण या दोन अक्षरी प्रश्नापुढे तिची बोबडी वळली.

"तो हात वेगळा होता," ती म्हणाली.

"कसा वेगळा?"

"आपल्या या तासांच्या शेवटच्या दिवशी आपण सगळे रस्ता ओलांडून आइसक्रीम खायला जातो ना? त्याच्या आत मी तुला सांगेन. विचारून येते आणि सांगते."

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे गं, पण नीट सांगता यायला पाहिजे ना," आर्लिस म्हणाली, आणि दाराबाहेर आल्यावर तिला आपण काय कबूल करून बसलो ते उमगलं. पोरगी रस्त्यावर पाऊल टाकेल की नाही, हे आता तिच्या उत्तरावर येऊन ठेपलं होतं, आणि उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डोरीनच्या कॅफेत गेली. तिथे सकाळी गावातले निवृत्त लोक पातळ कॉफीवर जगाचे प्रश्न सोडवत बसतात. ऑर्व्हिल, जो पूर्वी पोस्टमन होता. ज्युनियर हागेन, ज्याला ऐंशीव्या वर्षीही सगळे ज्युनियरच म्हणतात. आणि कॅफेची मालकीण डोरीन, जी कॉफी ओतते आणि मध्ये तोंड घालते.

"मला एक सांगा," आर्लिस म्हणाली. "एक बोट म्हणजे काय?"

"हॅलो," ऑर्व्हिल म्हणाला.

"आणि दोन?"

"जरा जास्त हॅलो."

"काहीतरीच काय!" ज्युनियर म्हणाला. "दोन बोटं म्हणजे, तुझी शिडी माझ्याकडे आहे, विसरलेलो नाही."

"म्हणून तू मला पाच वर्षं दोन बोटं दाखवतोयस होय? शिडी आण आधी!"

"चार बोटं म्हणजे बायको शेजारी बसलीये," डोरीन म्हणाली. "आणि अख्खा हात म्हणजे ती माहेरी गेलीये."

सगळे हसले. आर्लिस हसली नाही. "आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोराला 'जा' म्हणायचं असेल तर?"

"त्यात काय विचारायचं?" ऑर्व्हिल म्हणाला. "हे असं." आणि त्याच क्षणी ज्युनियरनेही "हे असं" म्हटलं, आणि डोरीननेही किटली खाली ठेवून. तिघांनी तीन तऱ्हा केल्या. डोरीनने तळहात पालथा करून पुढे ढकलला. ज्युनियरने नुसती हनुवटी उडवली. ऑर्व्हिलने तर्जनी उचलली.

"अरे, हे हॅलोच झालं!" आर्लिस म्हणाली.

"छे छे. हे 'जा' आहे. मनगट बघ ना जरा."

"मनगट काचेच्या खाली असतं, ऑर्व्हिल! पोरांना दिसणार कुठून?"

"पण आपल्या पोरांना कळतंच की."

"कसं कळतं?"

"कसं म्हणजे..." ऑर्व्हिलने ज्युनियरकडे बघितलं, ज्युनियरने कॉफीत बघितलं. "कळतं बुवा. आपण लहानपणी कुठे शिकलो होतो?"

आणि मग वाद जो पेटला! चौकात दोन गाड्या एकदम आल्या की बोट उचलणं म्हणजे 'तू जा' की 'मी जातो'? ऑर्व्हिल म्हणाला तू जा. ज्युनियर म्हणाला मी जातो, आणि इतकी वर्षं तो त्याच समजुतीने जात होता. मग आपण चौकात भेटतो तेव्हा काय होतं, असा प्रश्न ऑर्व्हिलने काढला. ऑर्व्हिल तू जा म्हणत होता, ज्युनियर मी जातो म्हणत होता, आणि ज्युनियर जात होता. म्हणून तर दोघं अजून जिवंत होते. नुसत्या योगायोगावर गाव चाललंय, या विचाराने आर्लिसचं डोकं गरगरलं. ती आली होती एक उत्तर न्यायला, आणि होतं नव्हतं तेही घालवून घरी गेली.

घरी वेगळीच तऱ्हा. व्हर्लिनने बोट उचलणं बंद केलं होतं. कुणाला सांगितलं नाही, नुसतं बंद केलं. दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आवळून, नजर समोर, तो पोस्टापर्यंत जायचा आणि यायचा. शेजारून गाडी गेली की त्याच्या उजव्या हाताची तर्जनी वर यायला बघायची आणि तो ती अंगठ्याखाली दाबून धरायचा. आर्लिस शेजारी बसून हे बघायची आणि तिचा जीव तुटायचा. त्या पोरीपेक्षा नवऱ्यालाच जास्त लागलंय की काय, असं तिला वाटायचं, आणि असं वाटल्याची मग लाज वाटायची.

गावाने अर्थातच वेगळे अर्थ लावले. व्हर्लिन ट्वेट बोट उचलत नाही म्हणजे कुणीतरी आजारी आहे. ज्युनियरच्या बायकोने हॉटडिश पाठवलं. दुसऱ्या घरातून आणखी एक आलं. पाद्री येऊन अर्धा तास बसले आणि जाताना आर्लिसचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "काही लागलं तर संकोच करू नका." आर्लिसला विचारायचं होतं की एक बोट म्हणजे काय ते तरी सांगा. पण तिने वड्या बांधून दिल्या.

शेवटी तिने ठरवलं की घरात बसून हे सुटायचं नाही. तिने नेरेइदाला विचारून आरासेलीला शाळा सुटल्यावर पोस्टासमोरच्या बाकावर आणून बसवलं. रस्ता ओलांडायचा नाही, नुसतं बघायचं.

"गाडी आली की तू ओळख," आर्लिस म्हणाली. "हॅलो की जा. मीही ओळखते."

पहिली गाडी आली. बोट उचललं गेलं. "जा," आरासेली म्हणाली. "हॅलो," आर्लिस म्हणाली. गाडी न थांबता गेली. "बघ," आर्लिस म्हणाली, जरा ऐटीत. दुसरी आली, हात हलला. "हॅलो," आर्लिस म्हणाली, आणि गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली. काच खाली करून बाईने विचारलं, "अगं, जायचंय ना तुम्हाला? कधीची हात करतेय!" तिसऱ्या गाडीतल्या माणसाने पाचही बोटं हलवली आणि तो ना थांबला, ना त्याने हॅलो केलं. तो माशी हाकलत होता.

आरासेलीला हसू फुटलं. अपघातानंतर आर्लिसने तिला हसताना प्रथमच पाहिलं.

"तुम्हालापण नाही कळत, बाई!"

"नाही कळत गं."

"मग तुम्ही शिकवता कशा?"

प्रश्न रास्त होता. एक धुळीने माखलेली व्हॅन आली, कोपऱ्यावर हळू झाली, उभी राहिली. आरासेली पुढे वाकून काहीतरी पुटपुटत होती.

"काय वाचतेस?"

"चाकावर लिहिलंय ते. मघाशी वाचता येत नव्हतं. नुसतं गोल गोल होतं. आता अक्षरं दिसतायत."

आर्लिसने तिच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. इतकी वर्षं तिने मुलांना काचेतून आत बघायला शिकवलं होतं, तिथे, जिथे उन्हाची तिरीप असते, आरशाला शोभेसाठी लटकवलेले कापडी फासे असतात आणि माशा हाकलणारे हात असतात. चाक बाहेर होतं, उघड्यावर. चाकाला हॅलो करायची सवय नव्हती.

त्या रात्री आर्लिसला शांत झोप लागली, आणि सकाळी नवं वाक्य घेऊन ती वर्गात गेली. "हातबित सोडा," ती मुलांना म्हणाली. "अक्षर दिसलं, तर पाय!" मुलांना नवं वाक्य आवडलं, कारण त्यात ओरडायला जागा होती. फक्त आरासेली ओरडली नाही. वर्ग संपल्यावर ती आर्लिसपाशी आली.

"चाक थांबलं, मी निघाले, आणि ते परत सुरू झालं तर?"

"गाडीवाला बघत असतो ना तुला."

"हो, पण त्याला कळलंच नाही तर? मला कळलं नव्हतं तरी मी गेले. त्यांना नाही कळलं तर ते काय करतात? थांबतात की येतात?"

थांबतात, असं आर्लिस म्हणणार होती. शब्द ओठावर आला होता. पण एकदा या पोरीला खात्रीने काहीतरी सांगून ती तोंडघशी पडली होती. "माहीत नाही गं," ती म्हणाली. आरासेलीने मान डोलावली, जणू हे तिला ठाऊकच होतं.

"शेवटच्या दिवशी त्यांनाच बोलवा," ती म्हणाली. "दुसऱ्या गाड्यांचं मला काय? मला त्याच गाडीची भीती वाटते."

दरवर्षी शेवटच्या दिवशीची सरावाची गाडी व्हर्लिनचीच असे. यंदा आर्लिसने त्याला विचारलंच नव्हतं. आता विचारलं तेव्हा त्याने टोपी घातली. मग उठून पिकअप धुवायला गेला. चाकं त्याने दोनदा धुतली.

त्या सकाळी ऊन पडलं होतं आणि वारा सुटला होता. दुसरीचा वर्ग जोडीजोडीने पोस्टाच्या कोपऱ्यावर उभा. अलीकडे वर्गशिक्षिका, नवीन आणि घाबरलेली. पलीकडे आर्लिस. शिट्टी नाही, फलक नाही. मुलांनी आपलं आपण बघायचं आणि ठरवायचं, हीच परीक्षा. आरासेलीचा जोडीदार होता कॅस्पर, ज्याच्या बुटाची नाडी जन्मापासून सुटलेली आहे. दोघं सगळ्यात शेवटी.

व्हर्लिनची पिकअप आली, रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेच्या बरीच अलीकडे थांबली. त्याच्यामागे ऑर्व्हिलची गाडीही येऊन थांबली. व्हर्लिनच्या मुठी स्टिअरिंगवर, दात आवळलेले. पहिल्या जोडीने चाकावरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि ती आली. दुसरी आली. मुलं अक्षरं ओरडत ओरडत येत होती. शेवटच्या जोडीआधीच्या मुलीने मध्येच रडायला सुरुवात केली म्हणून शिक्षिकाही तिचा हात धरून पलीकडे आली. अलीकडे राहिली फक्त आरासेली आणि कॅस्पर.

आरासेली फुटपाथच्या कडेला. आर्लिस बघत होती. 'ये' म्हणावं, असं तिला मनापासून वाटत होतं, हात करावा, नुसता हात तरी करावा. तिने दोन्ही हात खिशात कोंबले.

पोरीने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे. मग ओठ हलवत चाकावरची अक्षरं वाचली. आणि पाय खाली ठेवला. जांभळं प्लास्टर छातीशी धरून, नजर चाकावरून न काढता, ती एकेक पाऊल टाकत पिकअपच्या पुढून आली आणि पलीकडच्या फुटपाथवर चढली. मुलांनी आरडाओरडा केला. शिक्षिका रडत होती. आर्लिसने पोरीला जवळ घ्यायला हात पुढे केले.

पण आरासेली तिच्याकडे बघतच नव्हती. ती गर्रकन वळली आणि पिकअपच्या काचेकडे बघून तिने चांगला हात उंच केला. एक बोट.

आर्लिसला वाटलं, हॅलो म्हणतेय. मागच्या गाडीत ऑर्व्हिलला वाटलं, जा म्हणतेय, आणि त्याने गिअर टाकला. व्हर्लिन मात्र हलला नाही. तो तोंड अर्धवट उघडं ठेवून त्या बोटाकडे बघत राहिला. पिकअप जागच्या जागी घुरघुरत होती.

तेवढ्यात टपालाच्या निळ्या पेटीमागून कॅस्पर उठला. नाडी बांधायला तो तिथे वाकून बसला होता. सगळे पलीकडे गेलेले दिसल्यावर तो डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ सुटला. पिकअपच्या अगदी नाकासमोरून, बंपरपेक्षा जेमतेम उंच, धापा टाकत तो आरासेलीच्या शेजारी येऊन उभा राहिला. नाडी पुन्हा सुटलेली होती.

आर्लिस पिकअपच्या खिडकीशी गेली.

"तुला तो दिसला होता?" तिने विचारलं.

"नाही."

"मग थांबलास का? सगळी पोरं तर गेली होती."

"ब्रेकवरून पाय उचलतच होतो," व्हर्लिन म्हणाला. "पण पोरीने बोट दाखवलं. हॅलो म्हणतेय की जा म्हणतेय, मला काही कळेना."

"हॅलो नव्हतं," मागून आवाज आला. आरासेली फुटपाथच्या कडेला येऊन उभी होती, कॅस्परचा सदरा मुठीत धरून. "आणि जा पण नव्हतं. एक होतं. एक राहिलाय, असं."

"एक," व्हर्लिन म्हणाला.

"तुम्हाला कळलं नव्हतं?"

"नाही गं पोरी. काहीसुद्धा कळलं नव्हतं."

"आणि तरी थांबलात?"

"तरी काय? कळलं नाही म्हणूनच थांबलो."

आरासेलीने आर्लिसकडे पाहिलं. आर्लिसने डोळे पुसले आणि मान हलवली. तिला जे सांगता आलं नव्हतं, ते तिचा मुखदुर्बळ नवरा गाडीच्या खिडकीतून सांगून मोकळा झाला होता, आणि आपण काही सांगितलंय हेही त्याच्या गावी नव्हतं. मागून ऑर्व्हिलने डोकं बाहेर काढून विचारलं, "कोण जातंय? मी जाऊ का तू जातोस?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तोही थांबला.

दुपारी शाळा सुटल्यावर शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला आणि आर्लिसने उचलला. नेरेइदा होती, मागे भांड्यांचा आवाज.

"ट्वेटबाई, मला आज पुन्हा उशीर होणार. तिला आत बसवून ठेवा, मी येतेच."

आर्लिसने खिडकीतून बघितलं. पोस्टाच्या कोपऱ्यावर जांभळं प्लास्टर थांबलं होतं. एक गाडी येऊन उभी राहिली. आरासेली ओठ हलवत काहीतरी वाचत होती.

"येऊ नका," आर्लिस म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं काम करा. ती निघालीये."

"कुणाबरोबर?"

"एकटी," आर्लिस म्हणाली. "चालत."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. नेरेइदाला बराच वेळ काही कळलं नाही, आणि आर्लिस फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.